साडेनऊचा एपिसोड बंद केला, त्याची हकिगत

११ फेब्रुवारी २०२४, रविवार. नवरा घरकर्जाचं तिमाही विवरण उघडून बसला होता. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं की कर्जदाराला दर तिमाहीला मुद्दल किती फिटलं, व्याज किती गेलं, हप्ते किती उरले हे सगळं कळवायचं. तसं ते ईमेलवर यायला लागलं होतं, पण उघडून पाहिलं त्या दिवशी पहिल्यांदा.

आमचं कर्ज जानेवारी २०२० चं. वीस लाख, २० वर्षं, म्हणजे २४० हप्ते, दर महिना ₹१६,७२९. त्या रविवारपर्यंत आम्ही ४९ हप्ते भरले होते, एकही चुकवला नव्हता. मी मनात धरलं होतं की १९१ उरले असतील. विवरणात आकडा होता २२४.

चार वर्षांत फक्त सोळा हप्ते कमी झाले होते. आधी वाटलं छापण्यात चूक आहे. मग कळलं की मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर (रिझर्व्ह बँक ज्या व्याजाने बँकांना पैसे देते तो) ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर गेला, आमचं कर्ज त्याला जोडलेलं, आणि बँकेने हप्ता तसाच ठेवून मुदत वाढवली होती. जानेवारी २०४० ला संपणारं कर्ज ऑक्टोबर २०४२ पर्यंत गेलं होतं. नवरा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तेव्हा मी साठीला आलेला असेन."

दुसऱ्या दिवशी खर्चाची वही काढली. किराणा, वीज, शाळेची फी, आईंची औषधं, यातलं काहीच कमी करता येण्यासारखं नव्हतं. आमच्या दोघांच्या हौसेचा म्हणावा असा एकच मोठा खर्च होता, आणि तो आम्हाला मनापासून आवडायचा: रात्री साडेनऊनंतरची टीव्हीवरची मालिका. मुलगी झोपली की आम्ही दोघं सोफ्यावर बसायचो आणि एक एपिसोड बघायचो, कधी दोन. लॉकडाऊनमध्ये लागलेली सवय. "आपला एपिसोड" हाच शब्द होता घरात. दिवसभरात कितीही कटकट झाली तरी साडेनऊ वाजायचे आहेत, एवढ्यावर दिवस निघायचा. त्याशिवाय नवऱ्याचं क्रिकेट.

हा खर्च किती ते मला माहीत आहे असं मी समजत होते. विचारलं असतं तर सातशे-आठशे म्हटलं असतं.

आधी शोध

पूर्ण आठवडा नुसता शोधण्यात गेला, कारण पैसे एका जागेवरून जात नव्हते. डीटीएचचं रिचार्ज यूपीआयच्या ऑटोपेवर. सगळ्यात महागडं ॲप माझ्या क्रेडिट कार्डावर. दोन वार्षिक वर्गण्या त्याच्या डेबिट कार्डावर, एक फोनच्या प्ले स्टोअरमधून. शिवाय एक असं ॲप सापडलं की जे दोघांनाही आठवेना. त्याचे ₹९९ दर महिन्याला जात होते. कधीतरी एक सिनेमा बघायला सात दिवसांची मोफत चाचणी घेतली होती, तीच पुढे चालू राहिली. चौदा महिने. ₹१,३८६.

तुम्ही हे करणार असाल तर या चार जागा बघा. पहिली, प्रत्येक यूपीआय ॲपमधला ऑटोपे हा विभाग (दोन यूपीआय ॲप असतील तर दोन्हीत, आमचं एक दुसऱ्यातच होतं). दुसरी, बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या खाली असलेली ई-मँडेटची, म्हणजे आपोआप पैसे कापायला दिलेल्या परवानग्यांची यादी. तिसरी, फोनच्या स्टोअरमधल्या सबस्क्रिप्शन. चौथी, मोबाइल किंवा ब्रॉडबँडच्या प्लॅनमध्ये गुंडाळून दिलेली ॲप. आणि मेसेजमध्ये 'मँडेट' हा शब्द इंग्रजीत टाकून शोधा. कार्डावरून दर महिन्याला आपोआप पैसे कापायचे असतील तर किमान चोवीस तास आधी कळवावं लागतं, हा नियम ऑक्टोबर २०२१ पासून नीट लागू झाला. म्हणजे आम्हाला प्रत्येक वेळी सूचना येत होती. ओटीपी आणि जाहिरातींच्या गर्दीत आम्ही ती वाचत नव्हतो.

यादी अशी झाली: डीटीएच मुख्य टीव्ही ₹५८७, आतल्या खोलीतला दुसरा टीव्ही ₹२१२, महागडं ॲप ₹६४९, दोन वार्षिक ॲप प्रत्येकी ₹१,४९९, मराठी मालिकांचं वार्षिक ॲप ₹९९९ आणि ते विसरलेलं ₹९९ चं. वार्षिक रकमा बाराने भागून सगळं एकत्र केलं तर महिन्याला ₹१,८८०. वर्षाला साडेबावीस हजारांच्या वर.

मला लाज वाटली नाही, पण वाईट वाटलं. ज्या तासाने आम्हाला चार वर्षं सावरलं, त्याचीच किंमत आम्ही कधी मोजली नव्हती.

पहिला विचार होता की हे पैसे पोस्टात आवर्ती ठेवीत टाकू. फॉर्मही आणला होता. मग नवऱ्याने साधा हिशेब मांडला: पोस्टाच्या आरडीवर व्याज ६.७ टक्के, आमच्या कर्जावर ९.३५ टक्के. कर्ज डोक्यावर असताना कमी व्याजाच्या ठेवीत पैसे का ठेवायचे? वैयक्तिक घरकर्ज बदलत्या दराचं असेल तर मुदतीआधी पैसे भरल्याबद्दल बँक दंड घेऊ शकत नाही, रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच तसं सांगितलं आहे. बँकेत फोन करून विचारलं. आमच्या शाखेने सांगितलं, अंशतः भरणा किमान एका हप्त्याएवढा हवा. त्यांच्या संगणकावर त्यांनी हिशेबही करून दिला: आज दहा हजार जास्तीचे भरले तर शेवटचे साधारण तीन हप्ते कमी होतील. दहा हजारांना तीन हप्ते, म्हणजे पन्नास हजार! मी त्यांना पुन्हा विचारलं, नीट ऐकलं ना मी म्हणून. नीट ऐकलं होतं. शेवटाकडचे हप्ते अठरा वर्षं लांब आहेत, आज मुद्दल कमी केलं की तेवढ्या वर्षांचं त्यावरचं व्याज वाचतं.

त्या फोननंतर आमचं खरं ठरलं.

एकेक नळ बंद करणं

१८ फेब्रुवारीला महागडं ॲप रद्द केलं. ते सोपं निघालं, पाच मिनिटांचं काम. रद्द केल्यावर भरलेल्या मुदतीपर्यंत चालू राहतं, आमचं ६ मार्चपर्यंत होतं. पैसे परत मिळत नाहीत, त्यामुळे मुदत संपायच्या आदल्या दिवसाची वाट बघत बसण्यात काही फायदा नाही, आठवलं त्याच दिवशी रद्द करावं. फोनवरून ॲप काढून टाकलं म्हणजे वर्गणी बंद झाली असं मात्र होत नाही. ₹९९ चं ॲप आमच्या फोनवर नव्हतंच, तरी पैसे जात होते. ते यूपीआयमध्ये जाऊन, पिन टाकून बंद करावं लागलं.

त्या महागड्या ॲपवर नणंदेच्या मुलांचंही प्रोफाइल होतं. मी दोन दिवस फोन करायचं टाळलं. आपल्या घरची ओढाताण बाहेर सांगितल्यासारखं वाटत होतं. शेवटी केला. ती म्हणाली, "वहिनी, आधी सांगायचं ना, आम्ही निम्मे दिले असते." मी म्हटलं, निम्मे नकोत, आम्हाला ते घरातूनच काढायचंय. ती थोडी थांबली आणि म्हणाली, "दादा बरा आहे ना?" माझ्या घशात आवंढा आला. दादा बराच होता. पण असं विचारलं जाईल याचीच मला धास्ती होती.

डीटीएचचं प्रकरण मात्र लांबलं. प्रीपेड असतं, रिचार्ज नाही केलं की आपोआप बंद होतं, हे खरं. पण आमचा दुसरा बॉक्स भाड्याच्या योजनेतला होता आणि खात्यात शिल्लक पैसे होते, म्हणून रीतसर बंद करायचं ठरवलं. २४ फेब्रुवारीला, शनिवारी सकाळी ग्राहक सेवेला फोन केला. चाळीस मिनिटं, तीन माणसं. पहिल्याने कारण विचारलं, दुसरीने दोन महिने मोफत देऊ केले, तिसऱ्याने निम्म्या किमतीचा पॅक सुचवला. निम्म्या किमतीवर नवरा डळमळला, ते मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. पुढच्या महिन्यात आयपीएल सुरू होणार होती. त्याने माझ्याकडे बघितलं, फोन कानाशीच होता. मी काही खूण केली नाही, कारण क्रिकेट त्याचं होतं, सोडायचं की नाही हे त्यानेच ठरवायला हवं होतं. तो म्हणाला, "नको, बंदच करा."

विनंतीचा क्रमांक मिळाला. तो त्याच क्षणी लिहून घ्या, तारीख आणि वेळेसकट. आम्ही घेतला होता, पुढे त्यावरच सगळं निभावलं.

चूक आमची अशी झाली की जोडणी बंद करायची विनंती दिली, पण यूपीआयवरचं रिचार्जचं ऑटोपे बंद करायचं राहिलं. दोन्ही एकच आहेत असं वाटलं होतं. ४ मार्चला पैसे कापणार असल्याची सूचना आली, ती वाचलीच नाही, आणि ५ मार्चला ₹७९९ गेले. ६ तारखेला जोडणी बंद झाली. म्हणजे पैसे घेतले आणि दुसऱ्या दिवशी सेवा थांबवली. मी खूप चिडले, कंपनीवर कमी आणि स्वतःवर जास्त. तेव्हा क्रम लक्षात ठेवा: आधी ऑटोपे बंद, मग जोडणी बंद.

आधीचे शिल्लक ₹२४४ आणि हे ₹७९९ मिळून ₹१,०४३ परत मागितले. रद्द केलेला चेक ईमेलने पाठवायला सांगितला, सात ते दहा कामाचे दिवस लागतील म्हणाले. १२ मार्चला माणूस येऊन भाड्याचा बॉक्स, रिमोट आणि अडॅप्टर घेऊन गेला. त्याच्याकडे पावती नव्हती. मी साध्या कागदावर बॉक्सचा नंबर, तारीख लिहून त्याची सही घेतली आणि फोटो काढून ठेवला. दहा दिवस होत आले तरी पैशांचा पत्ता नाही. फोन केला की "प्रक्रियेत आहे." २० मार्चला कंपनीच्या राज्यासाठीच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे वरच्या पातळीवर तक्रारी बघणाऱ्याला, ईमेल केला. त्याचा पत्ता कंपनीच्या संकेतस्थळावर अगदी तळाशी असतो. विनंतीचा क्रमांक, बॉक्स परत केल्याच्या कागदाचा फोटो आणि ५ मार्चच्या व्यवहाराचा क्रमांक, एवढंच लिहिलं. रागाचं एक वाक्य लिहून खोडलं. २७ मार्चला ₹१,०४३ खात्यात आले. आले नसते तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करायची असं ठरवून ठेवलं होतं, ती वेळ आली नाही.

पहिले दहा दिवस

६ मार्चच्या रात्री आम्ही शेवटचा एपिसोड पाहिला. मालिका अर्धी राहिली होती, संपवायला जमलं नाही. नवऱ्याने रिमोट टीव्हीखालच्या खणात ठेवला आणि आम्ही झोपलो.

७ तारखेला साडेनऊ वाजले, मुलगी झोपली, आम्ही सवयीने सोफ्यावर येऊन बसलो. समोर काळा पडदा. मला वाटलं होतं आता गप्पा होतील. झाल्या नाहीत. त्याने फोन काढला, मी माझा काढला, आणि तासाभराने आम्ही दोघं वेगवेगळ्या छोट्या पडद्यांवर असंच काहीबाही बघून उठलो. आधी निदान एकच गोष्ट एकत्र बघत तरी होतो. असे चार-पाच दिवस गेले. ते दिवस मला सगळ्यात जड गेले, रिफंडच्या त्रासापेक्षाही जड.

दहा तारखेला भांडण झालं. निमित्त किरकोळ होतं, पण बोलता बोलता घर घेण्यापर्यंत गेलं. हे घर घ्यायची घाई माझी होती, असं तो म्हणाला. ते त्याच्या मनात चार वर्षं होतं आणि मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, मग तेव्हा का नाही बोललास? तो म्हणाला, "कधी बोलणार? रोज रात्री आपण काहीतरी बघतच असायचो."

मी हे लिहायचं की नाही यावर बराच विचार केला. लिहिते आहे, कारण खर्च कमी करण्याबद्दल वाचताना आकडेच वाचायला मिळतात, आणि आकड्यांसाठी आमची तयारी होती. या मोकळ्या तासासाठी नव्हती. तुम्ही दोघं मिळून एखादी आवडती गोष्ट सोडणार असाल, तर त्या वेळात काय करायचं हे आधी ठरवा. नुसतं "बोलू" म्हणून चालत नाही, रोज रात्री बोलायला विषय नसतो, आणि असतो तेव्हा तो असा निघतो.

भांडण त्या रात्री मिटलं नाही. दुसऱ्या दिवशी साडेनऊला तो म्हणाला, "खाली जाऊन चार फेऱ्या मारू, मुलीजवळ आज आत्या आहे." त्याची आत्या दोन दिवसांसाठी आली होती. चालताना समोरासमोर बघावं लागत नाही, त्यामुळे असेल, बोलणं सोपं गेलं. घराची घाई माझीच होती, हे मी कबूल केलं. भाड्याच्या घरात त्याला जो त्रास व्हायचा तो बघवत नव्हता म्हणून केली होती, हेही सांगितलं. ते त्याला माहीत नव्हतं.

आत्या गेल्यावर रात्री दोघांनी खाली जाणं शक्य नव्हतं. मग जवळच्या सार्वजनिक वाचनालयाचं सभासदत्व घेतलं, अनामत ₹३०० आणि महिना ₹५०. एक पुस्तक, एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने ऐकायचं. पहिल्या रात्री तो अडखळत वाचत होता, शाळेत धडा वाचायला उभं केल्यासारखा. महिन्याभरात त्याला पात्रांचे आवाज काढता यायला लागले. सगळ्या रात्री वाचन होतं असं नाही. आठवड्यातून तीन-चार वेळा होतं. बाकीच्या रात्री लवकर झोपतो, आणि दोघांनाही झोपेची किती गरज होती ते तेव्हा कळलं.

आईंचा मुक्काम आणि वर्ल्ड कप

सासूबाई दर वर्षी मे महिन्यात येतात. त्यांची साडेसातची मालिका असते. त्यांच्यासाठी टीव्हीवर काहीतरी हवंच होतं, म्हणून २० एप्रिलला दूरदर्शनची फ्री डिश बसवून घेतली. तिला महिन्याची वर्गणी नाही, एकदा बॉक्स घ्यायचा, संपलं. जुनीच छत्री वापरता आली, पण तिची दिशा बदलावी लागते, कारण फ्री डिश जीसॅट-१५ या उपग्रहावर आहे आणि आमची आधीची सेवा दुसऱ्या उपग्रहावर होती. बॉक्स आणि छत्री फिरवण्याची मजुरी मिळून ₹१,४०० लागले. सह्याद्री दिसते, बातम्या दिसतात, जुने सिनेमे भरपूर. आईंची मालिका ज्या वाहिनीवर होती ती मात्र त्यात नव्हती.

त्या काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसातला त्या घरात दिसेनात. शेजारच्या काकूंकडे जाऊन बसल्या होत्या. मला फार अपराधी वाटलं. रात्री त्यांना म्हटलं, "आई, तुमच्यासाठी एक महिना परत सुरू करू का?" त्या म्हणाल्या, "अगं, कशाला? तिच्याकडे बसले तर तिलाही बरं वाटतं, एकटी असते ती." हे खरंही असेल. पण काटकसर आम्ही ठरवली होती, आणि झळ त्यांना लागत होती. मग लक्षात आलं की मराठी मालिकांचं वार्षिक ॲप नोव्हेंबरपर्यंत भरलेलं आहे आणि त्यांची मालिका त्यात आहे. रोज सकाळी दहाला आदल्या दिवसाचा भाग टीव्हीवर लावून द्यायला लागले. काही दिवस त्या सकाळी आमच्याकडे आणि संध्याकाळी काकूंकडे, असा तोच भाग दोनदा बघत. येत्या मे महिन्यात ते ॲप नसेल. काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. घरात मोठी माणसं असतील तर बंद करण्याआधी त्यांना विचारा, आम्ही विचारलं नव्हतं.

क्रिकेटचं सांगायचं तर २०२४ ची आयपीएल मोबाइलवर फुकट दिसत होती, त्याने ती तशी बघितली. जूनमध्ये टी-ट्वेंटी वर्ल्ड कप आला. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण खासगी वाहिन्यांनी दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यावं असा २००७ चा कायदा आहे, त्यामुळे भारताचे सामने, उपांत्य फेरी आणि अंतिम सामना डीडी स्पोर्ट्सवर येतात. फ्री डिशवर ते दिसतात. हे मला माहीत नव्हतं, त्याला होतं, आणि बॉक्स घेताना आईंच्या बरोबरीने त्याच्या मनात हेही होतं, हे त्याने नंतर सांगितलं.

२९ जूनच्या रात्री बार्बाडोसचा अंतिम सामना आम्ही तिघांनी पाहिला. चित्र एचडीएवढं स्पष्ट नव्हतं. शेवटच्या षटकात सूर्यकुमारने सीमारेषेवर मिलरचा झेल घेतला तेव्हा नवरा उभाच राहिला आणि सात धावांनी जिंकेपर्यंत खाली बसला नाही. मुलीला त्याने खांद्यावर घेतलं होतं. त्या रात्री चित्र अंधुक असल्याचं कोणी म्हटलं नाही.

ऑगस्टमध्ये एकदा आम्ही मोडलो. अर्धी राहिलेली मालिका मनातून जात नव्हती. एक महिना ₹६४९ भरून ते ॲप घेतलं आणि घेतल्या घेतल्या पुढचं ऑटोपे रद्द केलं. सहा रात्रीत मालिका संपली. पैसे घरखर्चातून गेले, बाजूला काढलेल्याला हात लावला नाही. त्या सहा रात्री छान गेल्या, हेही सांगायला हवं.

पैसे हातात धरणं

बंद केलेल्या खर्चाचे पैसे आपोआप साठत नाहीत. मार्चमध्ये आम्ही काहीच बाजूला काढलं नाही आणि महिनाअखेरीला खात्यात नेहमीइतकेच पैसे होते. कुठे गेले ते सांगता येईना. एप्रिलपासून एक जुनं, न वापरलेलं बचत खातं यासाठी ठेवलं आणि दर ५ तारखेला ₹१,५४७ तिकडे जातील अशी सूचना बँकेत देऊन टाकली. डीटीएच, महागडं ॲप आणि ते ₹९९ यांची ही बेरीज. वार्षिक ॲपचे पैसे आधीच भरलेले होते, म्हणून त्यांच्या नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरवर लिहिली आणि त्या त्या दिवशी पूर्ण रक्कम टाकली: जूनमध्ये ₹१,४९९, सप्टेंबरमध्ये ₹१,४९९, नोव्हेंबरमध्ये ₹९९९. रिफंडचे ₹१,०४३ त्यातच जमा केले आणि फ्री डिशचे ₹१,४०० त्यातूनच वजा केले.

मला वाटलं होतं सहा महिन्यांत एका हप्त्याएवढे जमतील. नोव्हेंबरअखेर ₹१६,०१६ झाले होते, सातशे रुपयांनी कमी. वरून टाकून पूर्ण करता आले असते, पण नवरा म्हणाला, थांबू एक महिना, हे याच पैशांतून होऊ दे. डिसेंबरच्या ५ तारखेला ₹१७,५६३ झाले.

९ डिसेंबर, सोमवारी अर्धा दिवस रजा काढून शाखेत गेलो. ऑनलाइनही भरता येतात, पण आम्हाला एक गोष्ट समोर बसून लिहून द्यायची होती. अंशतः भरणा केल्यावर हप्ता कमी करायचा की मुदत, हे स्पष्ट सांगावं लागतं, नाहीतर बँक आपल्या पद्धतीने ठरवते. अर्जात ठळक लिहिलं: 'हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी.' कर्ज खात्याचा क्रमांक, दोघांच्या सह्या (कर्ज दोघांच्या नावावर आहे, एकाची सही चालली नाही, म्हणून दोघं गेलो होतो ते बरं झालं), चेक, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का. नवीन परतफेडीचं वेळापत्रक त्या दिवशी मिळालं नाही. आठवड्याने परत जावं लागलं, १६ तारखेला.

काउंटरवरच्या बाईंनी प्रिंट काढून दिली. पाच पानं होती. आम्ही तिथेच बाकावर बसून शेवटचं पान उघडलं. भरण्याआधी २१४ हप्ते उरले होते, आता २०९. शेवटचा हप्ता ऑक्टोबर २०४२ ऐवजी मे २०४२.

पाच महिने. नऊ महिन्यांचे एपिसोड देऊन पाच महिने. नवऱ्याने ते पान दोनदा वाचलं, घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवलं आणि विचारलं, पुढचा भरणा कधी होईल. मी हिशेब केला होता. मध्ये काही निघालं नाही तर सप्टेंबरमध्ये.

त्या रात्री पुस्तकाचं शेवटचं प्रकरण राहिलं होतं. वाचायची पाळी माझी होती.